घरकर्ज थकलं तर बँक घर कधी आणि कसं ताब्यात घेते? पहिल्या हप्त्यापासून लिलावापर्यंत काय काय होतं, ते समजून घ्या

दारावर बँकेची नोटीस चिकटली की गावात दोन प्रकारची चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "आता घर गेलंच." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, असल्या नोटिसा येतच असतात." दोघंही चुकीचे. नोटीस आली म्हणून घर लगेच जात नाही, आणि दुर्लक्ष केलं म्हणून ते वाचतही नाही. मधे बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला मुदत आहे. बहुतेक घरं जातात ती या मुदती हातातून निसटल्यामुळे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. इंटरनेटवर "फोरक्लोजर" शोधलं की अमेरिकेतल्या घरजप्तीची माहिती समोर येते. आपल्या बँकेत मात्र "फोरक्लोजर" म्हणजे मुदतीआधी सगळं कर्ज फेडून खातं बंद करणं. बँकेकडून "फोरक्लोजर लेटर" आलं तर घाबरू नका, खातं बंद करायला आज किती रक्कम लागेल एवढाच त्याचा अर्थ. बँक घर ताब्यात घेऊन विकते ती प्रक्रिया वेगळी आहे. ती चालते मुख्यतः 2002 च्या एका केंद्रीय कायद्याखाली. त्याचं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला "सरफेसी" म्हणतात. या कायद्यामुळे बँकेला घर विकायला आधी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. उलट या प्रकरणांत दिवाणी कोर्टाचे दरवाजे जवळजवळ बंदच असतात. गावातले बरेच जण इथेच फसतात. तालुक्याच्या कोर्टातून "स्टे" आणू म्हणतात आणि त्यात महिने घालवतात.

सुरुवात हप्ता चुकण्यापासून

समजा तुमचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला आहे आणि 5 जूनचा हप्ता भरला गेला नाही. त्या दिवसापासून खातं थकीत धरलं जातं. 90 दिवस झाले तरी थकबाकी तशीच राहिली, तर 3 सप्टेंबरला दिवसअखेर ते खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या भाषेत अनुत्पादक. हे 90 दिवस सगळ्यात सोपे असतात. शाखेत जाऊन बोललात, अडचण सांगितली, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागितला, तर ऐकून घेण्याची शक्यता याच काळात जास्त असते. पाऊस गेला, दूध संघाचं बिल अडकलं, घरात आजारपण निघालं, काय असेल ते लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. तोंडी बोललेलं उद्या मॅनेजर बदलला की संपतं.

एकदा एनपीए झाल्यावर मात्र एखादा हप्ता भरून खातं पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्यावरच खातं पुन्हा नियमित धरता येतं. "मी तर परवाच दहा हजार भरले, तरी नोटीस कशी?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

वसुलीवाले दारात येऊ लागतात तेही साधारण याच सुमारास. थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दमदाटी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर अपमान, यातलं काहीच चालत नाही. वसुली एजंटला घराला कुलूप लावण्याचा किंवा सामान बाहेर काढण्याचा अधिकार नाही. आणि त्याच्या हातात रोख पैसे देऊ नका. पैसे कर्जखात्यातच भरायचे आणि पावती जपून ठेवायची.

60 दिवसांची नोटीस: हीच खरी पहिली नोटीस

एनपीए झाल्यावर बँक कलम 13(2) ची नोटीस काढते. त्यात एकूण येणं किती, तारण कोणतं, हे लिहिलेलं असतं आणि नोटिशीच्या तारखेपासून 60 दिवसांत सगळी रक्कम भरा असं सांगितलेलं असतं. सगळी म्हणजे फक्त थकलेले हप्ते नव्हेत, पूर्ण कर्ज. आकडा बघून माणूस हबकतो, ते साहजिक आहे.

ही नोटीस कर्जदाराला, सहकर्जदाराला आणि जामीनदारालाही जाते. जामीनदारांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण आपल्याकडे सही करताना "नुसतं नावाला" असं सांगितलं जातं. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचं घर विका, मग माझ्याकडे या, असा हट्ट त्याला धरता येत नाही.

पोस्टमनला "घेत नाही" म्हणून नोटीस परत पाठवणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तो गावोगाव दिला जातो. कर्जदार नोटीस टाळतोय असं दिसलं तर बँक ती घराच्या दारावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तेवढ्यावर नोटीस मिळाली असं धरलं जातं. तुमचे दिवस चालूच राहतात आणि आत काय लिहिलंय ते तुम्हालाच ठाऊक नसतं.

घेतल्यावर काय करायचं? आधी बँकेकडून खातेउतारा मागा आणि आकडे जुळवा. व्याजदर किती लावला, भरलेले हप्ते सगळे जमा दिसतात का, दंड किती धरला. दंडावर नवा नियम आहे. 2024 पासून बँकांना हप्ता चुकल्याबद्दल दंडाचं व्याज लावता येत नाही. ठरावीक दंड आकारता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. चूक सापडली, किंवा परतफेडीचा वेगळा प्रस्ताव द्यायचा असेल, तर याच 60 दिवसांत लेखी हरकत द्या. तुमच्या हरकतीला 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. उत्तर मनासारखं आलं नाही तर तेवढ्यावरून लगेच वरच्या न्यायाधिकरणात जाता येत नाही. पण ही हरकत आणि तिचं उत्तर पुढे तुमच्या बाजूचा कागद बनतो. बँकेने उत्तरच दिलं नसेल तर तो मुद्दा आणखी वजनदार होतो.

एक काळजी घ्या. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. भावाच्या नावावर करून ठेवू, असले उद्योग गुन्ह्यात मोडू शकतात.

घर गावठाणात, घर शेतात

सरफेसी कायदा सगळ्या तारणांना लागू होत नाही. शेतजमिनीवरचं तारण त्यातून वगळलेलं आहे. एक लाखापर्यंतच्या कर्जाचं तारणही वगळलेलं आहे. मुद्दल आणि व्याज मिळून 20 टक्क्यांपेक्षा कमी येणं राहिलं असेल, म्हणजे बरंचसं कर्ज फिटलेलं असेल, तरीही हा कायदा वापरता येत नाही. या शेवटच्या सवलतीची माहिती फारच थोड्यांना असते. जुनं कर्ज असेल तर हिशोब जरूर करून बघा.

शेतजमिनीच्या बाबतीत एक गैरसमज पसरलाय. घर गट नंबरात बांधलेलं आहे आणि सातबारा अजून शेतीचाच आहे, म्हणून बँक हात लावू शकत नाही, असं बरेच जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत म्हटलं आहे की नुसती महसुली नोंद पुरेशी नाही, जमीन प्रत्यक्षात शेतीसाठी वापरात आहे का ते बघावं लागतं. सातबाऱ्यावर "जिरायत" लिहिलंय आणि जागेवर आरसीसी बंगला उभा आहे, अशा वेळी केवळ उताऱ्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं. खरोखर पीक निघत असेल तर पीकपाण्याच्या नोंदी, खतं-बियाण्यांची बिलं, विक्रीच्या पट्ट्या जमवून ठेवा.

गावठाणातल्या घरांचं चित्रही बदलतंय. पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर बँका सहसा कर्ज देत नसत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं. त्या पत्रकावर कर्ज मिळतं, ही चांगली गोष्ट आहे. पण कर्ज मिळतं म्हणजेच घर तारण जातं, आणि तारण गेलेलं घर थकबाकीत विकलंही जाऊ शकतं. पत्रक हातात पडल्यावर पहिल्यांदाच कर्ज काढणाऱ्या घरांनी ही दुसरी बाजू सही करण्याआधी विचारात घ्यावी.

ताबा दोन प्रकारचा असतो

60 दिवसांत पैसे भरले नाहीत तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी कलम 13(4) खाली ताबा घेतो. बहुतेक वेळा हा आधी कागदोपत्री ताबा असतो. त्याला सांकेतिक ताबा म्हणतात. घराच्या भिंतीवर ताबा नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. तुम्ही घरातच राहत असता, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. झालेलं असतं. इथून 45 दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. 15 सप्टेंबरची नोटीस असेल तर 60 दिवस 14 नोव्हेंबरला संपतात. 24 नोव्हेंबरला ताबा नोटीस लागली तर डीआरटीची मुदत 8 जानेवारीपर्यंत. ताबा नोटीस लागली त्या दिवशी भिंतीचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. लांब आहे, वकिलाचा खर्च आहे, हे खरं. पण बँकेने नोटीस नीट बजावली नाही, हरकतीला उत्तर दिलं नाही, रक्कम चुकीची लावली, मालमत्ता कायद्यातून वगळलेली आहे, असे मुद्दे ऐकणारी जागा तीच. पूर्वी तिथे दाद मागायला 75 टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ती रद्द केली. तरी स्थगिती देताना न्यायाधिकरण काही रक्कम भरायला सांगू शकतं, तेवढी तयारी ठेवूनच जा. डीआरटीच्या निकालावर वर अपील करायचं तर मात्र येण्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते. ती 25 टक्क्यांपर्यंत कमी करून मिळू शकते.

वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, इतरांना उत्पन्नमर्यादेत. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे.

प्रत्यक्ष ताबा ही पुढची पायरी. घरात माणसं असतील आणि ती सोडायला तयार नसतील तर बँक कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. काही ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाते. अर्जावर 30 दिवसांत आदेश व्हावा, फार तर 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. मग तो आदेश घेऊन तहसीलदार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतो, पंचनामा होतो, सामानाची यादी होते. या टप्प्यावर तहसील कार्यालयात विनवण्या करून काही होत नाही. कर्ज खरं की खोटं, रक्कम बरोबर की चूक, हे ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांना नाहीच. त्यांचं काम ताबा मिळवून देणं. आमदार-खासदारांच्या फोनने बंदोबस्ताची तारीख आठवडाभर पुढे जाईलही, पण डीआरटीचे 45 दिवस त्यामुळे वाढत नाहीत.

लिलाव, आणि सगळ्यात जास्त चुकणारी मुदत

विकण्याआधी बँकेने मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून घराची किंमत काढून राखीव किंमत ठरवायची असते. कर्जदाराला विक्रीची 30 दिवसांची नोटीस द्यायची असते. पहिल्या लिलावात कुणी आलं नाही आणि पुन्हा लिलाव लावला, तर पुढची नोटीस 15 दिवसांची असली तरी चालते. लिलाव आता बहुतेक ऑनलाइन होतात. सरकारी बँकांच्या मालमत्ता "बँकनेट" या पोर्टलवर दिसतात. आपलं घर किती राखीव किंमतीला लावलंय ते तिथे बघता येतं. बाजारभावापेक्षा फारच कमी लावलं असेल तर मूल्यांकनाची प्रत मागून लगेच लेखी हरकत घ्या.

आता मुदतीचं. गावात सगळे धरून चालतात की लिलावाच्या दिवशी सकाळपर्यंत पैसे भरले तरी घर सुटतं. 2016 च्या दुरुस्तीआधी कायदा बऱ्यापैकी तसाच होता. आता नाही. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याच्या आधी सगळी रक्कम खर्चासह भरली तरच घर सोडवण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे पक्कं केलं. पेपरात विक्री सूचना छापून आली की हा हक्क संपतो. पाहुण्यांकडून, सोसायटीतून, दागिने मोडून पैसे जमवणार असाल तर लिलावाची तारीख धरून चालू नका, तिच्या आधीची सूचनेची तारीख धरा.

बोली जिंकणाऱ्याने बयाण्यासह 25 टक्के रक्कम लगेच आणि उरलेली 15 दिवसांत भरायची असते. लेखी संमतीने मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढू शकते. घर जास्त किंमतीला गेलं तर येणं आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमचे. ते बँकेने आपणहून द्यायचे असतात, पण आपण लेखी मागणी केलेली बरी. कमी पडले तर मात्र उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते. घर गेलं म्हणजे कर्ज फिटलं, असं नाही.

म्हणूनच, पैसे उभे राहणारच नाहीत हे दिसत असेल तर बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधून विकणं अनेकदा फायद्याचं पडतं. लिलावातलं घर घ्यायला लोक बिचकतात, विशेषतः गावात, आणि भाव पडतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकताना चार पैसे जास्त येतात.

दुसरा मार्ग एकरकमी परतफेडीचा, म्हणजे ओटीएस. बँक काही व्याज सोडते आणि ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेत घेते. हा तुमचा हक्क नाही. बँकेला ओटीएस द्यायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. मिळालाच तर मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका आणि पत्रातली तारीख एक दिवसही चुकवू नका. राष्ट्रीय लोकअदालतीत अशा तडजोडी पुष्कळ होतात, तिथे कोर्ट फी लागत नाही. सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा राहतो, पुढचं कर्ज अवघड जातं, हेही माहीत असू द्या. "साहेब आपले आहेत, लिलाव थांबवतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे मंजुरीचं पत्र कधीच नसतं.

कर्जदार वारला असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला घेऊन आधी एकच गोष्ट तपासावी: कर्जासोबत विमा काढला होता का. घरकर्ज देताना बऱ्याच बँका विमा माथी मारतात, त्याचा हप्ताही कर्जातच धरलेला असतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

सहकारी बँक, पतसंस्था, फायनान्स कंपनी

सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे की नाही हा वाद बरीच वर्षं चालला. तो मिटवणारा निकाल आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात लागला. 5 मे 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात. गृहकर्ज कंपन्या सोडून इतर फायनान्स कंपन्यांना मात्र 20 लाखांपेक्षा कमी कर्जासाठी तो वापरता येत नाही.

पतसंस्थांचा रस्ता वेगळा. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतात. मग विशेष वसुली व विक्री अधिकारी मागणी नोटीस, जप्ती, जाहीरनामा आणि लिलाव अशी कारवाई करतो. जाहीरनाम्याची दवंडी गावात पिटायची, असं नियमात आजही लिहिलेलं आहे. इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती सहायक निबंधकांच्या सुनावणीला न जाण्याची. एकतर्फी दाखला निघतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते. सुनावणीला जायला काहीच भरावं लागत नाही. खातेउतारा मागा, हिशोबाला हरकत असेल तर लेखी द्या. या रस्त्यावर एक सवलत मात्र आहे जी सरफेसीत नाही: लिलाव झाल्यावरही 30 दिवसांत येणं रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के भरून विक्री रद्द करून मागता येते.

खासगी सावकाराने कर्जापोटी घराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी 2014 चा सावकारी कायदा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

बँकेच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी 14448 वर फोन करा. लोकपाल लिलाव थांबवत नाही, त्यामुळे डीआरटीची मुदत त्याच्या भरवशावर घालवू नका.

आणि कर्ज कोणत्याही मार्गाने फिटलं, पूर्ण भरून किंवा तडजोडीने, तर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. कागदांबरोबर बेबाकीचा दाखला घ्या आणि तो तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात देऊन उताऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. कर्ज फिटून दहा-दहा वर्षं झाली तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचं नाव तसंच राहिलेले उतारे आपल्याकडे पुष्कळ सापडतात, आणि ते कळतं वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी.